पाठ, यंत्र आणि साहाय्याची याचना

विसाव्या शतकाची शेवटची दोन दशके ही पाश्चात्त्य विद्यापीठांच्या संगणन-केंद्रांत एका नव्या पाहुण्याच्या आगमनाची दशके होत. ही केंद्रे पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्र यांच्या सोयीसाठी उभारलेली होती. तेथे आता ग्रीक नाटकांचा अभ्यासक, मध्ययुगीन काव्याचा संपादक, संस्कृत महाकाव्याचा पाठचिकित्सक आपली शब्दसूची किंवा हस्तलिखिताचे छायाचित्र घेऊन येई आणि काहीशा संकोचाने विचारी : हे अक्षर पडद्यावर कसे उमटवावे? हे शब्द आमच्या वर्णक्रमाने कसे लावावेत? ह्या कवीने अमुक शब्द किती वेळा योजला, हे यंत्राकडून कसे काढून घ्यावे? विद्यापीठा-विद्यापीठांतून संगणकांचे जाळे पसरले, तसे हे प्रश्न केंद्राच्या दारापुरते राहिले नाहीत. एका खंडातल्या संपादकाची अडचण दुसऱ्या खंडातला तज्ज्ञ दोन दिवसांत सोडवू लागला.

साहित्यविचाराने ह्या प्रश्नोत्तरांची दखल फारशी घेतली नाही. तांत्रिक अडचणी म्हणून त्यांची बोळवण झाली. छपाईच्या शाईविषयी किंवा कागदाच्या वजनाविषयी जसा समीक्षक बोलत नाही, तसाच तो ह्यांविषयीही बोलला नाही. ही उपेक्षा योग्य होती असे म्हणता येत नाही. अभ्यासकाने विचारलेला प्रश्न यंत्राला जसाच्या तसा कळत नसे. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागे आणि उतरवणारा बहुधा साहाय्यक असे. म्हणजे तेथे एक अनुवाद घडत होता. अनुवादाशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना ठाऊक असते की, मूळ भाषेने जे मोघम ठेवलेले असते ते अनुवादकाला कित्येकदा ठरवून टाकावे लागते. इंग्रजी कादंबरीतल्या एकाच सर्वनामासाठी मराठी अनुवादकाला 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावीच लागते. ती केली की दोन पात्रांमधले अंतर ठरून जाते, मग मूळ लेखकाने ते ठरवले असो वा नसो. यंत्रही अभ्यासकाला असेच पेचात धरीत होते. 'हे कसे करावे' असे विचारायला गेलेल्या माणसाला ते उलट विचारी, 'हे म्हणजे नेमके काय?' ह्या उलट प्रश्नाचे उत्तर अभ्यासकाने स्वतः दिले की साहाय्यकावर सोपवले, यावर त्या काळातल्या कामाचे बरेवाईटपण अवलंबून राहिले आहे.

ह्या व्यवहाराचा आरंभ जाळ्याच्या पुष्कळ आधीचा आहे. इटलीतील जेझुइट पंडित रोबेर्तो बूझा यांनी तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस याच्या 'उपस्थिती'विषयक विचारावर प्रबंध लिहिला. त्यांच्या ध्यानात असे आले की, हा विचार मोठ्या पारिभाषिक संज्ञांत शोधून सापडत नाही. तो 'मध्ये' ह्या अर्थाच्या एका इवल्याशा लॅटिन शब्दयोगी अव्ययात दडलेला आहे. त्या अव्ययासाठी त्यांनी हाताने सुमारे १०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. पुढे सर्वच शब्दांची सूची करावी ह्या हेतूने १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख टॉमस वॉटसन यांना भेटले. त्यातून उभी राहिलेली शब्दसूची १९७४ ते १९८० ह्या काळात ५६ खंडांत छापली गेली. बूझांचे नाव ह्या क्षेत्रात आद्यपुरुष म्हणून घेतले जाते ते बहुधा ह्या प्रचंडपणामुळे. त्यांचे खरे वैशिष्ट्य मात्र त्या अव्ययात आहे. यंत्राकडे जाण्यापूर्वीच त्यांच्यापाशी एक प्रश्न होता आणि तो वाङ्मयीन होता. ज्या शब्दाला कोणताही सूचिकार क्षुल्लक म्हणून गाळील, तोच त्यांना हवा होता; म्हणून 'क्षुल्लक शब्द वगळा' हा सोयीचा सल्ला त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

मात्र ह्या ५६ खंडांची आणखी एक बाजू आहे. गाल्लाराते येथील केंद्रात छिद्रपत्रांवर अक्षर न् अक्षर उतरवण्याचे काम तरुण स्त्रियांनी केले. कित्येक दशके त्यांची नावे कुणी विचारली नाहीत. मेलिसा टेरास आणि ज्युलियान नायहन यांच्या अलीकडच्या संशोधनामुळे त्यांचे श्रम उजेडात आले आहेत. पोथीच्या लेखकाने पुष्पिकेत आपले नाव, गाव आणि तिथी नोंदवण्याची आपल्याकडची जुनी रीत आठवली, तर ह्या नव्या लेखनिकांना ती एक ओळही मिळाली नव्हती हे डाचल्याशिवाय राहत नाही.

जाळ्याच्या आरंभकाळात सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न अक्षरांचा होता. यंत्रायंत्रांतून निर्धोकपणे जाणारा संकेत १२८ चिन्हांचा होता आणि तो इंग्रजीच्या गरजेपुरता बेतलेला होता. ग्रीक स्वरचिन्हे, संस्कृतातील दीर्घ स्वर आणि मूर्धन्य व्यंजने यांना त्यात जागा नव्हती. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे १९७२ साली सुरू झालेल्या ग्रीक ग्रंथकोशाने रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या जोडण्यांनी ग्रीक लिहिण्याचा संकेत स्वीकारला. संस्कृतासाठी हार्वर्ड आणि क्योतो यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. तिच्यात रोमन मोठे अक्षर दीर्घ स्वराचे किंवा मूर्धन्याचे काम करते. डोळ्याला हे लेखन विचित्र दिसते, पण संकेत म्हणून ते प्रामाणिक आहे. त्यातून देवनागरी निःसंदिग्धपणे परत मिळवता येते. अक्षराची अडचण अशा रीतीने बरीचशी सुटली. तिच्या आडून आलेला पाठाचा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता, आणि तो सुटलाही नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. १९१९ साली हाती घेतलेले हे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. वि. सी. सुखटणकरांनी जी संपादनदृष्टी ह्या कार्याला दिली तिचे मर्म पानाच्या मांडणीतच दिसते. वरच्या भागात सिद्ध केलेला पाठ. त्यात जेथे संपादकाची खात्री कमी, तेथे शब्दाखाली नागमोडी रेषा. आणि पानाच्या तळाशी पाठभेदांचा संभार. वाचकाने वरचा श्लोक वाचावा, रेषा दिसताच थबकावे, खाली उतरावे, काश्मिरी प्रत काय म्हणते आणि दाक्षिणात्य प्रती काय म्हणतात ते पाहावे व मग परत वर यावे, अशी ती रचना आहे. ती पाने म्हणजे संपादकाने वाचकापुढे मोकळेपणाने मांडलेला संशय आहे.

१९९० च्या दशकात क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी हा अवाढव्य ग्रंथ यंत्रात उतरवला, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला, आणि १९९९ साली तो भांडारकर संस्थेच्या स्वामित्वाने अभ्यासकांसाठी खुला झाला. ह्या दोघांच्या चिकाटीला तोड नाही. आज जगात कोठेही बसून महाभारतात एखादा शब्द शोधणारा प्रत्येक माणूस त्यांचा ऋणी आहे. परंतु पाठ ज्या साध्या अक्षरसंकेतात उतरला त्यात नागमोडी रेषेला चिन्ह नव्हते, आणि तळाच्या पाठभेदांचा संभार तर बाहेरच राहिला. मुद्रित पानावर जो शब्द संपादकाने कचरत ठेवला होता, तो पडद्यावर इतर शब्दांइतकाच निश्चिंतपणे उभा राहिला. अर्व्हाइनच्या ग्रीक कोशाविषयीही हाच आक्षेप घेतला गेला आहे. प्रत्येक ग्रंथाची एक मुद्रित आवृत्ती निवडून तिचा केवळ मूळ पाठ तेथे उतरवला गेला. तळटिपांतील वाद मागे राहिले.

हा दोष उतरवणाऱ्यांचा म्हणावा काय? साधने तुटपुंजी होती, स्मृतिसाठा महाग होता, आणि पाठभेदांसह सर्व काही घ्यायचे ठरवले असते तर कदाचित काहीच पुरे झाले नसते. दोष असलाच तर तो नंतरच्या वाचकांचा. शोधल्याबरोबर शब्द सापडतो ह्या आनंदात, सापडलेला शब्द कोणत्या दर्जाचा आहे हे विचारण्याची सवय हळूहळू सुटत गेली. एखाद्या शब्दाच्या आवृत्तींवरून महाभारताच्या विचाराविषयी निष्कर्ष काढणारा निबंध, त्यांपैकी किती आवृत्ती नागमोडी रेषेवरच्या आहेत हे सांगत नसेल, तर त्याची आकडेवारी अचूक असूनही तिच्यावर विसंबता येत नाही.

मराठी अभ्यासकाचा अनुभव ह्याहून निराळा, आणि एका अर्थी अधिक बोचरा आहे. देवनागरी अक्षरांचे देखणे ठसे १९९० च्या दशकात सहज मिळू लागले. पण त्यांपैकी पुष्कळांत देवनागरी केवळ दिसण्यापुरती होती. यंत्राच्या लेखी तेथे रोमन अक्षरेच साठवलेली असत. वर मुखवटा देवनागरीचा. लेख दुसऱ्या यंत्रावर नेला की मुखवटा गळून पडे आणि निरर्थक रोमन अक्षरांची रास समोर येई. ज्याच्याकडे मदत मागावी तो अक्षरजुळणीचा कारागीर पान सुंदर छापून देई. आपले काम झाले असे त्यालाही वाटे आणि प्राध्यापकालाही वाटे. पण त्या मजकुरात शब्द शोधता येत नसे, सूची होत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. कित्येक प्रबंध आणि संपादने अशा रीतीने छापील पानाच्या पलीकडे मुकी होऊन राहिली आहेत.

ह्यावर खरा उपाय म्हणून समान संकेत आला. भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठीचा संकेत १९९१ साली मानक म्हणून प्रसिद्ध केला, आणि त्याच्या १९८८ च्या रूपावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. आता 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्यावेत. पहिला सागर, दुसऱ्या डोंगरांमधल्या. मराठी वाचकाला ह्यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' ह्यांतला तर मुळीच नाही, कारण तेथे पंक्तीतला मान आणि स्वयंपाकघरातली जागा एकमेकांत मिसळतील. मराठीतील ह्या अर्ध्या रकाराची सोय युनिकोडमध्ये झाली, परंतु ती ज्या वर्णाच्या आश्रयाने झाली तो द्राविडी भाषांतील रकार देवनागरीत लिहिण्यासाठी योजलेला आहे. त्याचे अर्धे रूप ते आपले. शिवाय दुसऱ्याही एका मार्गाने, साध्या रकाराला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन, हेच रूप उमटवता येते. कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात. यंत्राला ती भिन्न आहेत. एखाद्या कवीच्या संग्रहांत 'वारा' ह्या प्रतिमेचा माग काढणाऱ्याला 'वाऱ्यावर', 'वाऱ्याने' ही रूपे एका संग्रहात सापडतील आणि दुसऱ्यात सापडणार नाहीत, कारण दुसरा संग्रह टंकणाऱ्याने दुसरा मार्ग धरलेला असेल. अशा वेळी कवीची प्रतिमासृष्टी पालटली असा निष्कर्ष काढायला समीक्षक मोकळा आहे! ॲ ह्या मराठी अक्षराला त्या संकेतात स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडावे लागले, हेही येथे लक्षात घ्यावे. मराठीला ज्या सोयी मिळाल्या त्या उशिरा आणि बहुशः दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात मिळाल्या. आपल्या लिपीला काय हवे हे सांगणारे मराठीचे भाष्यकार त्या बैठकांच्या आसपास अधिक संख्येने असते तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्याचा साचा घेऊनही त्यात आपला निर्णय कसा राखता येतो, ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संचय सिद्ध झाला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनातून घेतलेले, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने त्यात आहेत. आराखडा अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संचयाचा होता, आणि त्यात विज्ञानकथा, साहसकथा असे अमेरिकन बाजारातले कथाप्रकार ठरलेले होते. भारतीय इंग्रजीत त्यांतले काही प्रकार जवळजवळ नव्हतेच. कोल्हापूरच्या अभ्यासकांनी तेथे प्रमाणे बदलली आणि सर्वसाधारण कथेचा वाटा वाढवला. गोष्ट लहान आहे. पण साचा रिकामा राहतो म्हणून साहित्याला दोष देण्याऐवजी साचाच हलवणे ह्याला समीक्षाबुद्धी लागते.

ह्या सर्व व्यवहाराचे सैद्धान्तिक टोक गाठले गेले ते पाठांच्या अंकनासंबंधीच्या वादात. १९८७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, व्हासार महाविद्यालयात, काही अभ्यासक जमले आणि साहित्यपाठ यंत्रात उतरवण्याचे समान नियम घडवण्याचे ठरले. मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन आणि लू बर्नार्ड हे ह्या नियमांचे संपादक. दोघेही मूळचे साहित्याचे विद्यार्थी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मार्गदर्शिकेची पृष्ठे हजाराच्या पुढे गेली. कोरड्या नियमावलीचा आव असलेल्या ह्या ग्रंथात 'ओळ म्हणजे काय', 'कडवे म्हणजे काय', 'खोडलेला शब्द पाठात आहे की नाही' असे प्रश्न पानोपानी आहेत, आणि पाठभेदांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. साहित्याच्या जातकुळीचा माणूस साहाय्यकाच्या जागी बसला म्हणजे साहाय्य कसे बदलते याचा तो पुरावा होय.

तथापि त्या नियमांच्या पायाशी असलेल्या अंकनभाषेची एक अट होती. पाठाचे घटक एकात एक बसणाऱ्या पेट्यांसारखे असले पाहिजेत : ग्रंथात अध्याय, अध्यायात परिच्छेद, परिच्छेदात वाक्य. दोन पेट्या एकमेकींत अर्ध्यामुर्ध्या घुसलेल्या चालत नाहीत. १९९० साली डीरोझ, ड्युरँड, मायलोनस आणि रिनीअर ह्या चौघांनी एका निबंधात असे प्रतिपादले की, पाठ हा स्वभावतःच असा आहे. आशयघटकांची क्रमबद्ध उतरंड हेच त्याचे खरे स्वरूप. यंत्राच्या सोयीला येथे तत्त्वाची पदवी मिळाली. पण ज्ञानेश्वरी उघडणाऱ्याला ही उतरंड तत्काळ डळमळताना दिसते. ओवी ही एक पेटी. उपमा ही दुसरी. 'जैसे'ने सुरू झालेली उपमांची मालिका ओवीमागून ओवी ओलांडीत जाते, मध्ये नवी उपमा उचलते, आणि 'तैसे' म्हणून सिद्धान्तावर उतरते ते पुढल्या एखाद्या ओवीच्या मध्यावरही असू शकते. छंद एका जागी थांबतो, वाक्य दुसऱ्या जागी, आणि अर्थ तिसऱ्याच जागी. ज्ञानेश्वरांच्या शैलीचा वेग ह्या न जुळण्यातून येतो. पेट्या एकात एक बसवायच्या तर ओवी मोडावी लागेल किंवा उपमेचे तुकडे करावे लागतील. एकाच पाठावर अनेक उतरंडी लावण्याची एक ऐच्छिक तरतूद त्या अंकनभाषेत होती, पण ती राबवणारी साधने क्वचितच आढळत. वरील चौघांपैकी तिघांनी पुढे काही वर्षांतच आपल्या सिद्धान्ताला मुरड घातली, ही त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची खूण आहे.

ह्या वादात समीक्षकाची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली ती जेरोम मॅगन यांनी, आणि ती केवळ निबंध लिहून नव्हे. पाठचिकित्सेत आधीच नाव मिळवलेले हे प्राध्यापक. व्हर्जिनिया विद्यापीठात १९९२ साली मानव्यविद्यांतील प्रगत तंत्रविज्ञानाची संस्था सुरू झाली, तेव्हा डान्टे गॅब्रिएल रोझेटी ह्या कवि-चित्रकाराच्या समग्र कृतींचे संग्रहालय उभारण्याचे काम त्यांनी घेतले. रोझेटीची निवड अर्थपूर्ण होती. ह्या माणसाने चित्रासाठी सुनीत लिहावे, सुनीत चित्राच्या चौकटीवर कोरावे, तीच कल्पना काव्यात आणि रंगांत पुनःपुन्हा घ्यावी. आता चौकटीवरचे सुनीत हे पाठ की चित्राचा भाग? यंत्राला उत्तर एकच हवे होते. मॅगन आणि त्यांचे सहकारी यांनी रूढ नियम जसेच्या तसे न घेता स्वतःची अंकनव्यवस्था रचली, तीत कृती, तिचा लेखी पुरावा आणि चित्र यांना निरनिराळी स्थाने दिली, आणि तरीही कोठे कोठे ती फाटत गेली. १९९० च्या दशकाच्या आरंभी हाती घेतलेले हे काम २००८ साली पूर्ण झाले.

मॅगन यांच्या २००१ च्या ग्रंथात ह्या अनुभवाची मीमांसा आहे, आणि तिचे मोल असे की ती यशाची जाहिरात करीत नाही. कामात घेतलेले निर्णय चुकीचे कसे ठरले, आणि त्या चुकांतूनच छापील पुस्तकाविषयी पूर्वी न कळलेले काय कळले, हे त्यांनी सांगितले आहे. पानाची मांडणी, समास, अक्षराचा आकार ही अर्थाची वाहने आहेत ही गोष्ट, ती यंत्राला सांगता येत नाही तेव्हाच डोळ्यांत भरते. त्यांच्या काही प्रतिपादनांत अतिव्याप्ती आहे. प्रत्येक पाठ स्वतःपासूनच सतत भिन्न होत असतो हे सूत्र ते इतके ताणतात की सामान्य संपादकाला हातात धरायला काही उरत नाही. तरी त्यांनी प्रश्न हातचा सोडला नाही. साहाय्यकांच्या खोलीत ते वर्षानुवर्षे बसले आणि प्रत्येक सोयीच्या उत्तरामागे कोणता वाङ्मयीन निर्णय दडला आहे हे तपासत राहिले. अर्थात त्यांच्या पाठीशी संस्था होती, कार्यक्रमलेखक होते, अनेक वर्षांचा निधी होता. बहुसंख्य अभ्यासकांना ह्यांतले काहीच लाभले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती कुणा उदार अनोळखी तज्ज्ञाने फावल्या वेळात दिलेली चार ओळींची उत्तरे, आणि तेवढ्यावर त्यांनी जे केले तेही थोडके नाही.

मराठीपुढे ही निवड आजही उभी आहे. तुकारामांच्या गाथेचे विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी केलेले संपादन इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ ह्या काळात निघाले. त्यात निरनिराळ्या प्रतींतले पाठभेद तळाशी नोंदलेले आहेत. आज पडद्यावर जी गाथा सहज मिळते ती बहुधा एका सरळ, निर्वेध पाठाची असते. एखाद्या मराठी अभ्यासकाने पंडितांच्या संपादनावरून नवी गाथा उतरवायला घेतली, तर साहाय्यकाकडे त्याने पहिली मागणी त्या तळच्या बारीक ओळींसाठी करायला हवी. देहूच्या परंपरेतला शब्द आणि पंढरपूरच्या परंपरेतला शब्द एकाच वेळी वाचकाला दिसतील, आणि त्या दोहोंतल्या 'ऱ्या'चे लेखनही एकाच मार्गाने झालेले असेल, अशी ती मागणी असावी.